बुद्धिबळाच्या पटावरचे दाणे आणि अल्लामा अल्बेरूनी

बुद्धिबळाचा पट तुम्ही पाहिलाच असेल. आठ आडव्या आणि आठ उभ्या ओळी, मिळून चौसष्ट घरे. या पटाविषयी एक जुनी कथा आहे आणि ती आपल्यापैकी अनेकांनी घरात वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली असेल. हिंदुस्थानातील सिस्सा नावाच्या एका हुशार माणसाने हा खेळ शोधून काढला. राजा खूष झाला व म्हणाला, हवे ते माग. सिस्साने पहिल्या घरासाठी गव्हाचा एक दाणा मागितला, दुसऱ्यासाठी दोन, तिसऱ्यासाठी चार, चौथ्यासाठी आठ, आणि अशा रीतीने प्रत्येक घरी मागच्या घराच्या दुप्पट. राजाला ही मागणी फारच क्षुल्लक वाटली. कोठारावरच्या लोकांनी हिशेब केला तेव्हा मात्र साऱ्या राज्यातले धान्य घातले तरी मागणी पुरी होणार नाही असे दिसून आले.

कथा येथे संपते आणि ऐकणारे हसतात. परंतु तुम्ही जर सांगणाऱ्याला विचारले, की बाबा रे, नेमके किती दाणे, तर बहुधा तो गप्प बसेल. तेराव्या शतकातील चरित्रकार इब्न खल्लिकान यांनाही ही गोष्ट प्रथम अतिशयोक्त वाटली होती. अलेक्झांड्रियाच्या एका हिशेबनिसाने आकडेमोड करून दाखवली तेव्हाच त्यांची खात्री पटली, असे त्यांनी स्वतः नमूद करून ठेवले आहे. मात्र त्यांच्याही आधी सुमारे अडीचशे वर्षे एका तरुणाने ही संख्या शेवटच्या एककापर्यंत बिनचूक काढून आपल्या ग्रंथात लिहून ठेवली होती. ती संख्या अशी:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

वीस अंकी संख्या आहे. एका ग्रॅममध्ये गव्हाचे पंचवीस दाणे बसतात असे धरले तर हा गहू सुमारे ७३,७८७ कोटी टन भरतो. साऱ्या जगात अलीकडच्या वर्षांत दरसाल सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे जगातील सर्व शेतकऱ्यांनी सिस्साचे कर्ज फेडायचे ठरवले आणि स्वतः एक दाणाही खाल्ला नाही, तरी त्यांना नऊशे वर्षांहून अधिक काळ लागेल.

ही संख्या लिहून ठेवणारा तरुण म्हणजे अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल्बेरूनी. शाळेच्या इतिहासात त्यांचे नाव गझनीच्या महमूदबरोबर हिंदुस्थानात आलेला प्रवासी एवढ्याच ओळखीने येते व पुढच्या धड्यात आपण ते विसरून जातो. वास्तविक हे गृहस्थ आधी गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ होते. प्रवासी ते नाइलाजाने झाले.

इ.स. ९७३ च्या सप्टेंबर महिन्यात ख्वारिज्म देशाची राजधानी काथ येथे त्यांचा जन्म झाला. अमू दर्या नदीच्या खालच्या अंगाचा हा प्रदेश आज मुख्यतः उझबेकिस्तानात मोडतो आणि तेथील एका शहराला आता त्यांचेच नाव दिलेले आहे. त्यांचे उस्ताद अबू नस्र मन्सूर हे ख्वारिज्मच्या राजघराण्यातील असून मोठे गणिती होते. अशा उस्तादाच्या हाताखाली मुलगा तयार झाला, पण घडी फार काळ टिकली नाही. ९९५ साली ख्वारिज्ममध्ये यादवी माजली, उस्तादांचे राजघराणे पदच्युत झाले आणि बावीस वर्षांच्या अल्बेरूनींना घर सोडून पळावे लागले.

पुढे काही काळ ते आजच्या तेहरानजवळच्या रय शहरी राहिले. जवळ पैसा नाही, आश्रयदाता नाही. तेथील एका ज्योतिषशास्त्र जाणणाऱ्या गृहस्थाने एका गणिती मुद्द्यावरून त्यांची टर उडवली, ती केवळ त्यांच्या गरिबीकडे बोट दाखवून. पुढे दिवस पालटल्यावर तोच गृहस्थ स्नेह दाखवू लागला. ही हकिकत स्वतः अल्बेरूनींनी आपल्या ग्रंथात लिहिली आहे. राग त्यांच्या मनात राहिला असावा, नाहीतर कालगणनेवरील ग्रंथात असल्या गोष्टीला जागा कशाला मिळाली असती!

हा कालगणनेचा ग्रंथ म्हणजे 'अल्-आसारुल बाकिया'. इ.स. १००० च्या सुमारास कास्पियन समुद्राजवळच्या जुर्जान येथे काबूस राजाच्या आश्रयाने तो लिहिला गेला. लेखकाचे वय तेव्हा सत्तावीसच्या आसपास होते. इराणी, ग्रीक, यहुदी, ख्रिस्ती, अरब अशा निरनिराळ्या लोकांचे सन, महिने आणि सण यांचा त्यात तपशील आहे, आणि त्याच ग्रंथात ओघाने बुद्धिबळाच्या पटाचा हिशेब येतो.

आता कागद पेन्सिल घ्या. अल्बेरूनींनी ही संख्या कशी काढली ते पाहण्यासारखे आहे, कारण त्यांनी चौसष्ट वेळा दुप्पट केली नाही आणि मग चौसष्ट आकड्यांची बेरीजही मांडली नाही. तसे करताना कोठेतरी एक हातचा राहून जातोच. त्यांनी दोन नियम सांगितले.

पहिला नियम असा. कोणत्याही घरातल्या संख्येचा वर्ग करा. पहिल्या घरापासून त्या घराचे जितके अंतर, तितकेच आणखी पुढे गेल्यावर जे घर लागते त्यातली संख्या तुम्हाला मिळते. पाचव्या घरात १६ दाणे आहेत. पहिल्यापासून पाचवे घर चार पावले लांब. आणखी चार पावले चाला, नववे घर आले. सोळाचा वर्ग २५६, आणि नवव्या घरात बरोबर २५६ दाणेच असतात. पडताळून पाहा.

दुसरा नियम त्याहून सोपा. कोणत्याही घरातल्या संख्येतून एक वजा केला की त्याच्या मागील सर्व घरांची बेरीज मिळते. सहाव्या घरात ३२ आहेत. मागच्या पाच घरांत १, २, ४, ८ आणि १६, मिळून ३१. असे का होते? त्या बेरजेत उसना एक दाणा टाका. एक आणि एक दोन, दोन आणि दोन चार, चार आणि चार आठ, असे करीत तुम्ही आपोआप पुढच्या घरात जाऊन पोहोचता. उसना दाणा परत केला की झाले.

हे दोन नियम हाती आले म्हणजे सारे काम चार गुणाकारांचे राहते. सोळाचा वर्ग २५६, हे नववे घर. त्याचा वर्ग ६५,५३६, हे सतरावे घर. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६, हे तेहतिसावे घर. त्याचाही वर्ग केला की आपण पासष्टाव्या घरात पोहोचतो. पटावर पासष्टावे घर नाहीच! पण तेच तर हवे आहे. त्या नसलेल्या घरातल्या संख्येतून एक काढला की असलेल्या चौसष्ट घरांची बेरीज हाती येते. मला या हिशेबात सर्वांत जास्त आवडते ते हे पासष्टावे घर.

शेवटचा गुणाकार मोठा आहे. तो करून झाल्यावर आपल्या शाळेत शिकवतात तसा नवाचा ताळा घेऊन पाहा. ४,२९,४९,६७,२९६ च्या अंकांची बेरीज ५८, म्हणजे १३, म्हणजे ४. चाराचा वर्ग १६, म्हणजे ७. उत्तराच्या, म्हणजे शेवटी ६१६ असलेल्या वीस अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८८, म्हणजे १६, म्हणजे ७. ताळा जुळला. (ताळा जुळला तरी दोन अंकांची अदलाबदल झाली असेल तर ती चूक पकडली जात नाही, हे विसरू नका.)

संख्या लिहून झाली, तरी वीस अंकांवरून माणसाच्या मनाला काही बोध होत नाही हे अल्बेरूनींनी ओळखले होते. म्हणून त्यांनी दाण्यांऐवजी दिरहम कल्पून तो ढीग वाहून नेण्याचा हिशेब मांडला. दहा हजार दिरहमांची एक थैली. आठ थैल्यांचे एका खेचराचे ओझे. दहा हजार खेचरांचा एक तांडा. एकेका नदीच्या काठी चरणारे असे हजार तांडे. आणि एकेका डोंगरातून उगम पावणाऱ्या अशा दहा हजार नद्या. इतके भागाकार करूनही शेवटी डोंगर उरतात २,३०५. पृथ्वीवर एवढे मावणार नाही, हेही त्यांनी तेथेच नमूद केले आहे. कवीला शोभेल अशी ही कल्पना आहे, पण तिची प्रत्येक पायरी भागाकाराची आहे.

पुढच्या काळातील गणितज्ञांना या संख्येच्या पोटात आणखी काही सापडले. त्याकडे जाण्याची वाट अल्बेरूनींच्या त्या चार वर्गांतूनच जाते. कोणत्याही वर्गातून एक वजा केला की त्याचे दोन अवयव पडतात, हे आठवी-नववीच्या मुलांना माहीत असते. आपली संख्या म्हणजे एका वर्गातून एक वजा. तिचे अवयव पाडत मागे मागे या. वाटेत त्यांच्याच हिशेबातल्या संख्या एकेकाने वाढून समोर उभ्या राहतात: १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७, आणि शेवटी उरतात सोळात एक कमी, म्हणजे पंधरा, अर्थात ३ आणि ५. या सर्वांचा गुणाकार म्हणजे सिस्साचे दाणे.

यातले ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ हे मूळ अंक आहेत. त्यांना दुसऱ्या कशाने भाग जात नाही. सतराव्या शतकात फ्रान्सचा फर्मा हा मोठा गणिती अशाच संख्यांचा विचार करीत होता. या माळेतली पुढची ४,२९,४९,६७,२९७ ही संख्यादेखील मूळच असणार, इतकेच नव्हे तर ही माळ कितीही लांबवली तरी सर्व मूळ अंकच मिळतील, असे त्याला वाटत होते. १७३२ साली ऑयलर याने दाखवून दिले की हिला ६४१ ने भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो. हा भागाकार तुम्ही पाच मिनिटांत करू शकाल. ६४१ ला शोधून काढणे मात्र वेगळी गोष्ट! तर आपल्या वीस अंकी राक्षसाचे पुरे सात मूळ अवयव असे: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. सातही वेगवेगळे असल्यामुळे त्या संख्येला नेमके १२८ भाजक आहेत, आणि १२८ ही पुन्हा पटावरच्याच आठव्या घरातली संख्या. आजच्या संगणकात एका संख्येसाठी बहुधा चौसष्ट खाने ठेवलेले असतात, प्रत्येकात शून्य किंवा एक. सर्व खान्यांत एक भरला की जी सर्वांत मोठी संख्या होते ती हीच, कारण खानेही पटाच्या घरांप्रमाणेच दुपटीने वाढत जातात.

परंतु आपण अल्बेरूनींना जुर्जानमध्ये सोडून आलो आहोत. काही वर्षांनी ते मायदेशी परतले आणि ख्वारिज्मच्या नव्या शहाच्या दरबारी मानाने राहू लागले. १०१७ मध्ये सुलतान महमूदने ख्वारिज्म जिंकले. जी विद्वान माणसे गझनीला नेण्यात आली त्यांत अल्बेरूनी होते, तसेच त्यांचे उस्ताद अबू नस्रही होते. हा सन्मान होता की कैद होती, यावर लिहिणारे वेगवेगळे लिहितात. मला विचाराल तर, ज्याला आपल्या मर्जीने परत जाता येत नाही त्याला पाहुणा कसे म्हणावे?

पुढल्याच वर्षीची, १०१८ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. अल्बेरूनी काबूलजवळच्या एका खेड्यात अत्यंत हलाखीत होते. त्या जागेचे अक्षांश काढावेत अशी इच्छा झाली, पण जवळ एकही यंत्र नव्हते. हिशेबाची पाटी तेवढी होती. त्या काळी हिंदी आकड्यांचे गणित पाटीवर धूळ पसरून तीत बोटाने वा काडीने लिहून करीत. आपल्या आजोबा-पणजोबांनी अक्षरे गिरवली ती धूळपाटी आठवा. अल्बेरूनींनी ती पाटी उलटी केली, मागच्या बाजूवर वर्तुळाचा कंस आखून अंशांच्या खुणा केल्या, ओळंब्याची दोरी लावली आणि तिने सूर्याची उंची मोजली. पाटीची एक बाजू आकड्यांसाठी आणि दुसरी आकाशासाठी! त्यांच्या चरित्रातला एकच प्रसंग लक्षात ठेवायचा झाला तर मी हा ठेवीन.

गझनीच्या राज्यात असतानाच त्यांचा हिंदुस्थानशी संबंध आला. आजच्या पाकिस्तानातील नंदना किल्ल्याजवळच्या डोंगराची उंची मोजून, माथ्यावरून क्षितिज किती खाली दिसते तो कोन पाहून, त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली. तो कोन पुरता एक अंशही नव्हता, अवघा ३४ कलांचा होता. ते संस्कृत शिकले, पंडितांजवळ बसून त्यांनी ग्रंथ समजावून घेतले आणि आपल्या त्रैराशिकावर अरबीत एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. १०३० च्या सुमारास पुऱ्या झालेल्या 'किताबुल हिंद'मध्ये महमूदच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट कशी धुळीस मिळाली आणि इथली विद्या काश्मीर, बनारस अशा दूरच्या ठिकाणी कशी सरली, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. ज्या राज्यात राहायचे तेथेच बसून असे लिहायला छाती लागते. त्याच ग्रंथात धारहून दक्षिणेकडे जाणारा रस्ता सांगताना मऱ्हाट देश, कोंकण आणि समुद्रकाठचे त्याचे मुख्य शहर ठाणे यांची नावे येतात. ते स्वतः इकडे आले नव्हते. ऐकीव माहितीवर फरसखांची अंतरे त्यांनी मांडली आहेत. त्यातच चौघांनी फासे टाकून खेळायच्या हिंदी बुद्धिबळाचे वर्णनही आहे.

आणखी एका गोष्टीने त्यांना नवल वाटले होते. ज्या ज्या लोकांशी संबंध आला त्यांच्याकडे संख्यास्थानांची नावे कोठवर जातात याची ते चौकशी करीत. अरबांसह बाकीचे सारे हजारावर थांबतात आणि पुढे हजार हजार, हजार हजार हजार असे म्हणत राहतात, असे त्यांना आढळले. हिंदुस्थानात मात्र एकं, दहं, शतं पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांना अठरा नावे आहेत. त्या नावांची यादीच त्यांनी दिली आहे. आपल्या दाण्यांची संख्या वीस अंकी, म्हणजे परार्धालाही ओलांडून गेलेली. १८४ परार्ध पुरे भरून वर पुन्हा शिल्लक उरते!

१०३० मध्ये महमूद वारला. त्याचा मुलगा मसऊद याच्या कारकिर्दीत दिवस बरे आले आणि खगोलशास्त्रावरचा मोठा ग्रंथ 'कानूने मसऊदी' त्यांनी त्याला अर्पण केला. बक्षीस म्हणून सुलतानाने एक हत्ती भरून चांदी पाठवली आणि अल्बेरूनींनी ती खजिन्यात परत केली, असे सांगतात. १०३६ च्या सुमारास त्यांनी आपल्या पुस्तकांची यादी स्वतःच तयार केली. तोवर ती शंभराच्या वर गेली होती आणि त्यानंतरही ते लिहीत राहिले. त्यातली बरीचशी पुस्तके काळाच्या ओघात नष्ट झाली आहेत.

१०५० च्या सुमारास गझनीत त्यांचा अंतकाळ जवळ आला. याकूत या चरित्रकाराने त्या दिवसाची हकिकत दिली आहे. एक फकीह त्यांना भेटायला गेले. छातीत घरघर लागली होती. पाहुण्यांना ओळखताच अल्बेरूनींनी विचारले, की आईकडच्या आजीच्या वारसाहक्काचा जो हिशेब तुम्ही मागे सांगितला होता तो नीट कसा मांडायचा. फकीहांना कळवळा आला. अशा अवस्थेत हे कशाला, असे ते म्हणाले. त्यावर अल्बेरूनींचे म्हणणे पडले, की हा प्रश्न समजून घेऊन दुनिया सोडणे, न समजता सोडण्यापेक्षा बरे नाही काय? तेव्हा फकीहांनी तो हिशेब पुन्हा सांगितला. अल्बेरूनींनी तो पाठ म्हणून दाखवला, आणि मग त्यांना शिकवायचे म्हणून कबूल केलेली एक गोष्ट शिकवली. फकीह निरोप घेऊन बाहेर पडले. ते अजून रस्त्यातच होते, तोच मागे घरातून रडण्याचा आवाज आला.